चेहऱ्याच्या क्रीमची पारख



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात चेहऱ्याला लावायच्या क्रीमचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. तप, दान, जीवदया हे विषय असताना हा स्नो-पावडरचा विषय कोठून आला, अशी कुजबुज झाली असल्यास तीही स्वाभाविकच आहे. तथापि हा विषय परका नाही. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने भगवान महावीरांच्या सान्निध्यात व्रते स्वीकारली, तेव्हा कोणत्या वस्तू वापरायच्या आणि कोणत्या सोडायच्या याची मर्यादा त्याने स्वतःला घालून घेतली. त्या मर्यादेत अन्न, वस्त्र, अलंकार यांच्याबरोबरच अंगाला चोळायचे तेल, उटणे आणि विलेपन यांचा वेगवेगळा विचार आहे. तेलांपैकी शतपाक आणि सहस्रपाक एवढीच त्याने ठेवली, बाकीच्यांचा त्याग केला. अंगाला काय लावावे हा प्रश्न श्रावकाने विचार करण्याजोगा आहे, असे त्या काळीही मानले गेले होते. आज त्या प्रश्नात प्रकृतीची बाजूही येऊन मिळाली आहे, आणि ती अधिक तातडीची आहे.

लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब दुकानात कसे वागते, हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. अनेकांचा तो पिढीजात व्यवसायच आहे. आजी पदर चिमटीत धरून पोत पाहते. आई कापड दारापाशी नेऊन उजेडात रंग पाहते. कोणी पन्हा विचारतो, कोणी धुतल्यावर आटेल काय ते विचारतो. दोन तासांची घासाघीस होते आणि मग गाठोडे बांधले जाते. तेच कुटुंब परतीच्या वाटेवर क्रीमची डबी घेते ती डबीवरचा चेहरा पाहून, एका मिनिटात. वास्तविक भारी साडी वर्षातून चार वेळा नेसली जाते आणि ती अंगावर वरून असते. क्रीम रोज लावले जाते आणि त्यातील काही अंश त्वचेतून आत जातो. पारख कोठे अधिक हवी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आत जातो हा शब्द केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. अकोला येथे २०२२ च्या सुरुवातीस एका महाविद्यालयीन तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला पाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरात तिघींना एकाच वेळी असे व्हावे याचे डॉक्टरांना कोडे पडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत धागा पोहोचला. त्या क्रीममध्ये पारा होता, आणि तोही मान्य मर्यादेच्या कितीतरी पट. ते क्रीम औषधाच्या दुकानातून नव्हे, तर स्थानिक सौंदर्यप्रसाधिकेकडून आणलेले होते. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही असेच रुग्ण पाहिले. २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांपैकी १५ जणांत विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. हा अभ्यास २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चेहऱ्याला लावलेली वस्तू मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकते, ही गोष्ट ऐकीव राहिलेली नाही.

त्यामुळे कोणते क्रीम घ्यावे या प्रश्नाआधी क्रीम कशासाठी, हा प्रश्न विचारावा लागतो. त्याचे उत्तर त्वचेच्या रचनेत आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. अमेरिकेतील त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलियास यांनी त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली, ती पुढे सर्वत्र रूढ झाली. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना शाबूत असेल तोवर आतले पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरची धूळ व जंतू आत शिरत नाहीत. चुना झडला की भिंत पाझरू लागते. त्वचा ओढल्यासारखी वाटते, पांढरी पडते, खाजते, उकलते. मॉइश्चरायझर या इंग्रजी नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूचे काम एवढेच, की पाझर थांबवावा आणि चुन्याची डागडुजी करावी. रंग बदलणे हे तिचे काम नव्हे. गव्हाळ वा सावळा रंग हा त्वचेचा दोष नाही; उलट उन्हापासून संरक्षण देणारी ती निसर्गाची तजवीज आहे. १९७५ पासून गोरेपणाच्या नावानेच घरोघरी पोहोचलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या उत्पादकांनी २०२० मध्ये नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. बाजारालाही उशिरा का होईना, हे उमगले म्हणायचे.

मॉइश्चरायझरमधील घटक तीन जातींचे असतात आणि ते समजले की निम्मी निवड झाली. पहिली जात पाणी धरून ठेवणाऱ्यांची. ग्लिसरीन हे त्यातले सर्वांत जुने आणि स्वस्त नाव; हायलुरोनिक आम्ल व युरिया याच जातीचे. दुसरी जात फटी बुजवणाऱ्यांची. वनस्पतिजन्य तेले, स्टिअरिक आम्ल, सेरामाइड हे पेशींमधील खडबडीत जागा भरून त्वचा मऊ करतात. तिसरी जात झाकण घालणाऱ्यांची. पेट्रोलियम जेली, खनिज तेल, मेण आणि डायमेथिकोन हे त्वचेवर पातळ पापुद्रा धरतात व पाणी उडू देत नाहीत. चांगल्या क्रीममध्ये तिन्ही जाती असतात, प्रमाण मात्र वेगवेगळे असते. कापडात सूत आणि पॉलिएस्टर यांची मिसळ बदलली की कापड उन्हाळी होते किंवा हिवाळी, तसेच हे आहे.

प्रमाण कोणते हवे हे त्वचेवर जितके अवलंबून, तितकेच हवेवर. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत जे चालते ते बालाघाटाच्या डोंगरावर चालेलच असे नाही. लिंबागणेशची हवा वर्षातील बराच काळ कोरडी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे, हिवाळ्यात पहाटेचा गारठा, आणि मांजरसुंबा-पाटोदा रस्त्याची धूळ बारमाही. अशा कोरड्या हवेत नुसते ग्लिसरीन किंवा नुसते पाण्यासारखे जेल लावल्यास एक गंमत होते. पाणी ओढणाऱ्या घटकाला हवेतून पाणी मिळत नाही, म्हणून तो ते त्वचेच्या आतल्या थरांतूनच ओढतो, आणि वर झाकण नसल्याने तेही उडून जाते. लावल्यावर दहा मिनिटे बरे वाटते, तासाभराने चेहरा पूर्वीपेक्षा अधिक ओढतो. शहरातील जाहिरात पाहून मागवलेले जेल येथे का मानवत नाही, याचे कारण बहुधा हेच. निर्भेळ ग्लिसरीन तर कधीच लावू नये. गुलाबपाण्यात मिसळून, ओल्या चेहऱ्यावर, आणि वर तेलाचा हलका हात, अशी जुन्या बायकांची रीत शास्त्राला धरूनच होती.

पाण्याचाही विचार केला पाहिजे. कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त, म्हणजे बोलीत जड. त्यात साबणाला फेस येत नाही. साबण आणि क्षार मिळून एक चिकट साका तयार होतो व तो त्वचेवर बसतो. शिवाय अंगाचा साधा साबण अल्कधर्मी असतो, तर त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी. दिवसातून चार वेळा चेहऱ्याला साबण लावणारा मनुष्य स्वतःच्या हाताने भिंतीचा चुना खरवडत असतो, आणि मग त्यावर महाग क्रीम शोधत असतो. चेहऱ्याला साबण लावणे कमी केले, तर अनेकांचा निम्मा प्रश्न एक पैसाही खर्च न होता सुटेल.

आपली त्वचा कोणत्या प्रकारची, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. सकाळी सौम्य साबणाने चेहरा धुवावा, टॉवेलने टिपावा, आणि तासभर काहीही लावू नये. सगळा चेहरा ओढल्यासारखा वाटला तर त्वचा कोरडी. कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट पण गाल कोरडे असतील तर मिश्र. सर्वत्र तेलाची चकाकी आली तर तेलकट. लालसर होऊन चुणचुणली तर संवेदनशील. वयाप्रमाणे हे बदलते. सोळाव्या वर्षी तेलकट असलेला चेहरा पन्नाशीनंतर कोरडा होतो, कारण तैलग्रंथी मंदावतात. म्हणून सासूचे क्रीम सुनेला आणि आईचे मुलीला चालेलच असे नाही. घरात एकच डबी सर्वांनी वापरण्याची पद्धत काटकसरीची असली तरी योग्य नव्हे.

कोरड्या त्वचेला दाट क्रीम हवे, ज्यात तेल अधिक आणि पाणी कमी. तेलकट त्वचेला पातळ लोशन किंवा जेल. तेलकट चेहऱ्याला काहीच लावू नये ही समजूत मात्र चुकीची आहे. मुरुमांची औषधे त्वचा कोरडी करतात आणि अशा मुलामुलींना हलक्या मॉइश्चरायझरची गरज अधिकच असते. त्यांनी खोबरेल तेल चेहऱ्यावर टाळावे, कारण त्याने रंध्रे बुजतात. संवेदनशील त्वचेच्या व्यक्तींनी सुगंध नसलेले क्रीम घ्यावे. डबी उघडताच मोगऱ्याचा घमघमाट सुटला, म्हणजे वस्तू उंची, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्वचेची ॲलर्जी उठवणाऱ्या घटकांत सुगंधी द्रव्ये अग्रभागी असतात.

दाट आणि पातळ हा भेद आजचा नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून एक लेप केला. लावल्यावर त्यातले पाणी उडून गारवा वाटे, म्हणून पुढे त्याचे नाव कोल्ड क्रीम पडले. आपल्याकडे आयुर्वेदात शतधौत घृत आहे. तांब्याच्या भांड्यात गाईचे तूप घेऊन ते पाण्याने शंभर वेळा धुवायचे. शेवटी त्याचा वास जातो आणि लोण्यासारखा पांढरा, मऊ लेप तयार होतो. दोन्ही कोरड्या त्वचेच्या वस्तू. याउलट स्नो. मुंबईत १९१९ मध्ये ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणले आणि स्नो हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सर्वच क्रीमना लागू झाला. स्नो म्हणजे स्टिअरिक आम्लाचे पाणीदार मिश्रण. चोळले की दिसेनासे होते, तेलकटपणा राहत नाही. तेलकट चेहऱ्याला आणि दमट हवेला ते ठीक. मार्गशीर्षातील बालाघाटाच्या वाऱ्याला ते पुरे पडत नाही.

इतिहासातील आणखी एक वर्ष या सभेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, ते १९११. त्या वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे निव्हिया हे क्रीम तयार झाले. तेल आणि पाणी एकजीव राहतील असा पदार्थ सापडल्यामुळे टिकाऊ क्रीम करणे शक्य झाले आणि आधुनिक क्रीमच्या धंद्याचा पाया घातला गेला. तो पदार्थ, ज्याला युसेरिट असे नाव होते, मेंढीच्या लोकरीवरील मेणापासून काढलेला होता. आधुनिक क्रीमच्या मुळाशीच प्राण्याच्या अंगाचा अंश आहे. येथून श्रावक-श्राविकांचा खरा प्रश्न सुरू होतो, आणि दुकानदाराला विचारून त्याचे उत्तर मिळत नाही. ते डबीच्या मागे बारीक अक्षरांत असते.

लोकरीच्या या मेणाचे नाव लॅनोलिन. या भागातील धनगर बांधवांची मेंढ्यांची कातरणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांच्या हाताला हा मेणकटपणा लागलेला असेल. कातरलेली लोकर धुताना ते निघते, त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु कत्तल झालेल्या मेंढ्यांच्या कातड्यावरची लोकरही धुतली जाते, आणि डबीतील लॅनोलिन कोणत्या लोकरीचे, हे डबीवर लिहिलेले नसते. बीजवॅक्स किंवा सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचे मेण. हनी म्हणजे मध. कोलाजेन आणि इलास्टिन प्राण्यांच्या किंवा माशांच्या कातड्या-हाडांतून येतात. स्क्वालेन पूर्वी शार्क माशाच्या यकृतातून काढत. आता ते ऑलिव्ह व उसापासूनही होते, नाव मात्र तेच राहते. गुलाबी छटेच्या क्रीममध्ये कार्माइन किंवा सी. आय. ७५४७० असे लिहिलेले असेल तर तो रंग किडे वाळवून काढलेला असतो. कोरियातून आलेल्या आणि तरुण मुलींत लोकप्रिय झालेल्या काही प्रसाधनांत स्नेल म्युसिन असते, म्हणजे गोगलगायीचा स्राव. हायड्रोलाइज्ड सिल्क म्हणजे रेशमाचे प्रथिन. रेशीम कसे निघते हे कापडाच्या धंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही.

याहून कठीण प्रकरण साध्या दिसणाऱ्या दोन नावांचे आहे. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल ही दोन्ही चरबीपासून निघतात आणि पामतेलापासूनही. रसायन म्हणून त्यांच्यात काहीच फरक नसतो, म्हणून घटकयादीतही फरक दिसत नाही. सेरामाइड आज बहुतांशी यीस्ट किंवा वनस्पतींपासून होते, परंतु त्याच्या जोडीला घातलेले कोलेस्टेरॉल लोकरीच्या मेणापासून आलेले असू शकते. हायलुरोनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आता ते मुख्यतः जीवाणूंच्या किण्वनाने होते. अशा वेळी वेष्टनावरील पत्त्यावर वा ग्राहक क्रमांकावर थेट विचारणा करावी. उत्पादकाला स्रोत विचारण्याचा ग्राहकास पूर्ण अधिकार आहे, आणि उत्तर न देणाऱ्याची वस्तू न घेण्याचाही.

वेष्टनावरील शब्दांचे अर्थही नीट लावावे लागतात. क्रुएल्टी फ्री याचा अर्थ प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, एवढाच. आत लॅनोलिन असू शकते. व्हेगन म्हणजे घटक प्राणिजन्य नाहीत. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास २०१४ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही. जीवदयेच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट घडली, पण तिची चर्चा समाजात झाली नाही. खाद्यपदार्थांवर असते तशी हिरवी खूण प्रसाधनांवर सर्वत्र आढळत नाही. आढळली तर ती उपयोगी, परंतु खाद्यपदार्थांची हिरवी खूण मधाच्या बाटलीवरही असते, हे मधाचा त्याग केलेल्यांनी ध्यानात ठेवावे. आयुर्वेदिक या शब्दावरही विसंबून राहू नये. हळद-चंदनाचे विको टर्मरिक हे औषध की प्रसाधन, हा उत्पादन शुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल औषधाच्या बाजूने लागला. व्यापारी वर्गाने तो मुळातून अभ्यासावा असा आहे. त्या वादात प्रश्न कराच्या वर्गवारीचा होता, घटक वनस्पतिजन्य की प्राणिजन्य असा नव्हता. आयुर्वेदात मध आणि मेणही चालते.

घटकयादी वाचण्याचा एक नियम लक्षात ठेवला की पुष्कळ बडेजाव गळून पडतो. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात. पुढच्या बाजूला केशराचे चित्र ठसठशीत, आणि मागे केशर यादीच्या शेपटाला सुगंधाच्याही नंतर आलेले असेल, तर त्या केशराचे मोल किती, हे हिशेबी माणसाला लगेच कळेल. ही यादी बहुधा इंग्रजीत असते. घरातील शाळकरी नातवाला भिंग देऊन ती वाचायला लावावी. त्याला शब्द कळतील, आजीला अर्थ कळेल.

किंमतही डबीकडे पाहून नव्हे, ग्रॅमवर काढावी. हल्ली पुष्कळ वेष्टनांवर तसा दर छापलेला असतो. जाड काचेच्या डबीत तीस ग्रॅम माल आणि साध्या नळीत शंभर ग्रॅम, आणि दोन्हींच्या याद्या पहिल्या सहा नावांपर्यंत सारख्या, असे अनेकदा दिसते. दिवसाचे वेगळे व रात्रीचे वेगळे, डोळ्यांखालचे वेगळे, ही विभागणी बऱ्याच अंशी विक्रेत्याच्या सोयीची आहे. आंघोळीनंतर किंवा चेहरा धुतल्यावर त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लावलेले साधे क्रीम हे वाळलेल्या चेहऱ्यावर चोळलेल्या महाग क्रीमपेक्षा अधिक गुण देते.

ज्यांना अगदी साधी व निःशंक वस्तू हवी, त्यांच्यासाठी पेट्रोलियम जेली आहे. ती खनिज तेलापासून होते, प्राणिजन्य नाही, आणि पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे दुसरे काही नाही. तेलकट चेहऱ्याला ती नको, परंतु उकललेल्या गालांना आणि ओठांना रात्री अगदी पातळ हात पुरतो. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कडाक्याच्या थंडीत पहाटेपासून फडात असतात. त्यांच्या मुलांचे गाल फाटलेले असतात. जाण्यापूर्वी किराणा भरायला ती कुटुंबे याच दुकानांत येतात. त्यांच्या पिशवीत सुगंधी क्रीमऐवजी जेलीची एक डबी घालण्याचे सुचवणे दुकानदाराला जड नाही.

घरगुती वस्तूंबद्दल दोन शब्द. मराठवाड्याच्या जुन्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल विपुल असते आणि त्वचेच्या चुन्याला ते मानवते. ऑलिव्ह तेलाची प्रतिष्ठा मोठी असली तरी त्यातील ओलेइक आम्ल चुना सैल करते, म्हणून तान्ह्या मुलांना ते चोळू नये. लिंबू मात्र चेहऱ्यापासून दूरच ठेवावे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात. शतधौत घृत किंवा कोरफडीचा गर घरी केला तर गाळलेले पाणी व स्वच्छ भांडे घ्यावे आणि थोडाच करावा. ज्या लेपात पाणी आहे आणि टिकवणारे द्रव्य नाही, त्यात चार दिवसांत सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते. टिकवणारी द्रव्ये म्हणजे विष, असा समज पसरला आहे. मान्य प्रमाणातील ही द्रव्ये नसलेली जुनी डबी ही आरोग्य आणि अहिंसा या दोन्हींच्या दृष्टीने अधिक सदोष ठरते.

मॉइश्चरायझर ऊन अडवत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी निराळे सनस्क्रीन, किंवा कापड. तलम मलमलीच्या ओढणीतून ऊन झिरपते. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती रुमाल कितीतरी अधिक संरक्षण देतो.

कोणतेही नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावे. लाली, खाज वा पुरळ आले नाही, तरच चेहऱ्याला लावावे. आठ दिवसांत उजळपणा देण्याचे वचन देणाऱ्या वस्तूबाबत मात्र ही परीक्षाही पुरत नाही, कारण तिचे नुकसान सुरुवातीला दिसतच नाही. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो आणि विश्वास बसतो. लावणे थांबवले की रंग परत येतो, म्हणून लावणे थांबत नाही. स्टेरॉइडयुक्त मलमांचेही तसेच. खरूज-नायट्यासाठीची मिश्र मलमे चेहऱ्याचे क्रीम म्हणून लावण्याचा प्रघात देशभर इतका पसरला, की २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत होतो. पुढे त्वचा पातळ पडते, लाल रेषा दिसू लागतात, मुरुम येतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम सोडले की आग होते. ज्यांची ही सवय जडली आहे, त्यांनी ते एकाएकी बंद करण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

या समाजात विवाहाच्या बोलणीत मुलीच्या रंगाचा उल्लेख अजूनही होतो. तो होतो तोवर अशा डब्या विकल्या जाणारच. मुलगी पाहायला येणाऱ्यांनी रंगाचा शब्द काढायचा नाही, एवढे जरी या सभेतील घरांनी ठरवले, तरी अकोल्यासारखा प्रसंग येथे येण्याची एक वाट बंद होईल.

पारायुक्त क्रीम ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. वेष्टनावर घटकयादी नसते, उत्पादकाचा पत्ता वा परवाना क्रमांक नसतो, आयात माल असल्यास नोंदणी क्रमांक नसतो, मजकूर परक्या लिपीत असतो. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये अशी सूचना असेल, तर सराफ कुटुंबातील कोणालाही कारण सांगायला नको. पारा सोन्याला धरतो. मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरिक हे शब्द दिसले तर प्रश्नच मिटला. प्रसाधनांत नकळत मिसळलेल्या पाऱ्याची कायदेशीर मर्यादा दहा लाखांत एक भाग एवढीच आहे. असे क्रीम वापरात असेल आणि लघवीला फेस येत असेल, पाय किंवा डोळ्यांखालचा भाग सुजत असेल, तर लघवीची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी आणि डॉक्टरांना क्रीमची डबी दाखवावी. पुष्कळ रुग्ण क्रीमचा उल्लेखच करत नाहीत, कारण ते औषध आहे असे त्यांना वाटत नाही.

अशी डबी घरात सापडल्यास ती चुलीत किंवा कचऱ्याबरोबर जाळू नये, कारण पाऱ्याची वाफ श्वासावाटे सर्व घराला बाधते. विहिरीत, नाल्यात किंवा उकिरड्यावरही टाकू नये. झाकण घट्ट लावून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी आणि बीड येथील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात, कोठून व केव्हा घेतली त्या माहितीसह, लेखी तक्रारीबरोबर द्यावी. पावती असल्यास तिची छायाप्रत जोडावी आणि मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी.